राखेचा प्रश्न प्रश्नावलीत मावत नाही

पत्र थोडक्यात: ही वाचक दृश्यकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय सिरॅमिक्स. घर मावळात. गेल्या दीड वर्षात तिने गावाजवळच्या खाणीतली काळ्या दगडाची कच आणि भाताच्या तुसाची राख वापरून आपल्या वाडग्यांसाठी ग्लेझच्या (भांड्यावर भट्टीत वितळून बसणाऱ्या काचेसारख्या लेपाच्या) सुमारे १४० चाचणी टाइल्स भाजल्या. लघुशोधप्रबंध द्यायला पाच महिने उरलेत. मार्गदर्शक सर म्हणतात, ‘गृहीतक लिहा, प्रश्नावली काढा, किमान १०० जणांकडून भरून घ्या. त्याशिवाय ते संशोधन होत नाही.’ कुणाला आणि काय विचारायचं, हेच तिला सुचत नाही. टाइल्सच्या नोंदी अर्धवट आहेत, तीसेक टाइल्सवरचे नंबर भाजण्यात उडाले, पुष्कळ टाइल्स ‘फसल्या’. ती विचारते, ‘मी केलं ते संशोधन की नुसता सराव? सगळं सोडून सोपा विषय घेऊ का?’

प्रिय मैत्रिणी,

विषय सोडू नका. पाच महिन्यांत नवा विषय घेतलात तर तो खरोखरच प्रश्नावलीच्या बळावर उभा करावा लागेल आणि दीड वर्षाचं काम बाजूला पडेल. आधी तुमच्या पत्रातली दोन गृहीतकं तपासू. एक सरांचं आहे, दुसरं तुमचं.

सरांचं असं की प्रश्नावली म्हणजेच संशोधन. प्रश्नावलीतून लोकांना काय वाटतं, काय आठवतं, ते काय निवडतात एवढं कळतं. दगडाची कच १२२० अंशांना काय करते, हे १०० जण मिळूनही सांगू शकणार नाहीत. आसपासच्या कुंभारांना विचारावं तर त्यांची लाल मातीची भांडी १००० अंशांच्या बरीच खाली भाजली जातात आणि त्यावर ग्लेझ नसतं. त्यांच्या ज्ञानाला तोड नाही, पण ते या प्रश्नाचं नाही. तरीही सरांच्या आग्रहामागची मागणी योग्य आहे: तुमचं म्हणणं काय, आणि दुसऱ्याने ते कशाच्या आधारावर मान्य करायचं? तिचं उत्तर द्या. मग प्रश्नावली लागते की नाही ते आपोआप ठरेल.

तुमचं गृहीतक जास्त नाजूक आहे. पत्रात ‘हे संशोधन आहे का’ असं विचारलंय, पण सूर असा आहे की १४० टाइल्स केल्यात म्हणजे असायलाच हवं. कष्टाने संशोधन ठरत नाही. ब्रिटिश कला-अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये केलेली संशोधनाची विभागणी इथे कामाला येते, आणि सरांशी बोलतानाही येईल. एक, कलेविषयी संशोधन: इतिहास, सिद्धांत, दुसऱ्यांच्या कामाचा अभ्यास. दोन, कलेतून संशोधन: करणं हेच शोधण्याचं साधन. तीन, कलेसाठी संशोधन: कलाकृती घडवायला लागणारी शोधाशोध, जिचं फळ त्या कलाकृतीतच जिरून जातं. तुमच्या टाइल्स सध्या तिसऱ्या प्रकारात आहेत, कारण तुम्ही तुमच्या वाडग्यांसाठी आवडेल असं ग्लेझ शोधत होतात. त्या दुसऱ्या प्रकारात जातील, पण प्रश्न आधी लिहिलेला हवा, नोंदी दुसऱ्याला वाचता याव्यात आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तुमचं काम पुन्हा करून पाहता यावं किंवा खोडता यावं. हे अंतर पाच महिन्यांत कापता येतं.

सुरुवात प्रश्नापासून करा. ‘स्थानिक घटकांपासून ग्लेझनिर्मिती: एक अभ्यास’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. त्यातून काय भाजायचं आणि काय नाही हे ठरत नाही. एका कागदावर आठ-दहा प्रश्न लिहा आणि एकेका प्रश्नाबद्दल स्वतःला विचारा, ‘याचं उत्तर मिळालं हे मला कशावरून कळेल?’ ज्याला उत्तर देता येत नाही तो खोडा. तुमच्या पत्रावरून मला असा प्रश्न दिसतो: एका खाणीची बेसॉल्टची (त्याच काळ्या दगडाची) कच आणि भाताच्या तुसाची राख यांच्यात विकतचं फ्रिट (ग्लेझ वितळायला मदत करणारी तयार काचेची पूड) कमीत कमी किती घातलं, तर १२२० अंशांच्या आसपास रोजच्या वापराच्या वाडग्याला चालेल असं ग्लेझ मिळतं? ‘एका खाणीची’ म्हटल्यावर कच्च्या मालाचा स्रोत बांधला गेला, ‘कमीत कमी फ्रिट’ म्हटल्यावर काय बदलत न्यायचं ते ठरलं, ‘१२२०’ने भट्टी ठरली आणि ‘रोजच्या वापराच्या’ या शब्दांनी ग्लेझ कसं जोखायचं ते ठरलं.

याला दुसरा अर्धा भाग जोडा, आणि तो गाळू नका: या ग्लेझमुळे माझ्या वाडग्यांच्या आकारात, काठात, पायात कोणते निर्णय बदलले? हा भाग नसेल तर तुमचा प्रबंध पदार्थविज्ञानाचा अर्धवट प्रबंध होईल, जो अभियांत्रिकीचा विद्यार्थी चांगल्या यंत्रांवर तुमच्यापेक्षा नेमका करेल. चाकावरचा हात आणि पृष्ठभाग वाचणारी नजर तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

आता चाचणी. तीन घटक आहेत म्हणजे त्रिकोणी मिश्रण करा, ज्याला वर्कशॉपमध्ये ट्रायअ‍ॅक्सियल म्हणतात. एका कोपऱ्यात बेसॉल्ट, दुसऱ्यात राख, तिसऱ्यात बोरॅक्स फ्रिट. दर पायरीला २० टक्के बदललेत तर २१ मिश्रणं होतात, १० टक्के बदललेत तर ६६. पहिल्या फेरीला २१ पुरे. राखेच्या कोपऱ्याजवळ कोरडी भुकटीच राहील, बोटाने पुसली जाईल, कारण तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती एकटी या तापमानाला वितळत नाही. फ्रिटच्या कोपऱ्यात सगळं वाहून जाईल. या दोन टोकांच्या मधे ‘वितळतं पण ओघळत नाही’ असा पट्टा सापडेल, आणि तो पट्टा फ्रिटच्या कोपऱ्यापासून जितका लांब तितकं तुमच्या प्रश्नाचं उत्तर चांगलं. पट्टा सापडला की तेवढ्याच भागात ५ टक्क्यांच्या पायऱ्यांची एक सरळ ओळ भाजा. प्रश्न आणि चाचणीचा आराखडा असे एकमेकांत बसले की ‘पद्धती’चं प्रकरण लिहायला अवघड जात नाही.

प्रत्येक १०० ग्रॅम मिश्रणात वरून १० ग्रॅम बॉल क्ले (बारीक, चिकट माती) घाला, सगळ्यांत सारखी. मातीचा अंश नसेल तर कच तळाला दगडासारखी बसते, आणि बुडवताना पहिल्या व शेवटच्या टाइलवर वेगवेगळं ग्लेझ चढतं. बॉल क्ले हा चौथा घटक आहे आणि तो बदललेला नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. फ्रिट शिसेविरहित असल्याचं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

कच्च्या मालाशी सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून इथे जरा थांबते लेखणी. तुसाच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग राख होते. म्हणजे प्रकल्पभर पुरेल अशी ५ किलो राख हवी तर २५ किलो तूस जाळावं लागेल, आणि ते एकाच भातगिरणीतून, एकाच वेळी आणून एकदाच जाळा. या महिन्यात थोडी, पुढच्या महिन्यात थोडी असं केलंत तर फरक कृतीचा की राखेचा हे सांगता येणार नाही. राख काळी असेल तर तिच्यात न जळलेला कोळसा आहे. तो भट्टीत उडून जातो, म्हणजे तुम्ही ४० ग्रॅम तोलले आणि टाइलवर प्रत्यक्षात ३५ राहिले असं होऊ शकतं. यावर उपाय सोपा आहे: बिस्क केलेल्या (ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या) छोट्या वाटीत ५० ग्रॅम कोरडी राख तोला, पुढच्या बिस्क भाजणीत ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा तोला. घट ५ ग्रॅम असेल तर १० टक्के. हाच आकडा कचेचाही काढा. प्रबंधातल्या तक्त्यात हे दोन आकडे असले की परीक्षकाच्या पहिल्या तीन शंका तिथेच मिटतात. सगळी राख एकदा बिस्कच्या तापमानाला भाजून घेतली तर आणखी चांगलं.

क्रशरची कच जाडी-भरडी असते. ती १०० मेशच्या (इंचाला १०० छिद्रांच्या) चाळणीतून गाळा आणि चाळणीवर राहिलेला भाग फेकू नका, बॉल मिलमध्ये किंवा खलात दळून पुन्हा चाळा. फक्त बारीक भाग घेतलात तर दगडातली मऊ खनिजं जास्त आणि कठीण कमी येतात, आणि तो मूळ दगड राहत नाही. क्रशरच्या जबड्याचं लोखंड काढायला चुंबक फिरवावासा वाटेल. पण बेसॉल्टमध्ये स्वतःचं मॅग्नेटाइट असतं, तेही चुंबकाला चिकटून निघतं आणि रंग फिकटतो. फिरवायचा की नाही ते एकदा ठरवा, लिहा आणि पुढे बदलू नका. शक्य झालं तर कच आणि राख दोन्हींचं एकेक रासायनिक पृथक्करण करून घ्या. त्यासाठी भूगर्भशास्त्र विभागात एक्सआरएफची (क्ष-किरणांनी घटक मोजण्याची) सोय कुठे आहे ते विचारा. ते नाही जमलं तर प्रबंध अडत नाही.

हे काम करताना एन-९५ मास्क घाला. कच आणि राख दोन्हींत सिलिकाची धूळ आहे आणि तिचा फुप्फुसातला परिणाम भरून येत नाही. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कधी लाकडाची राख वापरलीत तर हातमोजेही हवेत, कारण तिचं पाणी कातडी सोलवटून काढतं.

वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर २० ग्रॅमच्या वजनात चूक नगण्य आहे. पण पुढे कधी १०० ग्रॅम मिश्रणात अर्धा ग्रॅम कोबाल्ट घालायचा झाला तर हाच काटा पाचवा हिस्सा चुकवू शकतो. तिथे ०.०१चा काटा घ्या किंवा ५०० ग्रॅमचं मिश्रण करा. २१ मिश्रणं प्रत्येकी १०० ग्रॅम धरली तर प्रत्येक घटक एकूण ७०० ग्रॅम लागतो. तुसाची राख इतकी हलकी आणि पाणी पिणारी असते की पातेल्याने किंवा सिरिंजने मोजून मिश्रण केलंत तर प्रमाण बिघडतं, म्हणून सगळं कोरडं तोलून घ्या. पाणी घातल्यावर घनता मोजा: १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४५ ग्रॅम भरलं तर १.४५. राख जास्त असलेली मिश्रणं या आकड्याला लापशीसारखी घट्ट राहतील, त्यांना जास्त पाणी लागेल. ते पाणीही लिहून ठेवा.

टाइल्स एकाच मातीच्या, एकाच बिस्क भाजणीतल्या घ्या, उभ्या ठेवता येतील अशा इंग्रजी एल अक्षरासारख्या. आडव्या टाइलवर ग्लेझ वाहतं की नाही कळतच नाही. चार सेंटिमीटर रुंदी पुरे. ग्लेझमध्ये तीन सेकंद बुडवा, वाळल्यावर वरचा अर्धा भाग पुन्हा बुडवा, म्हणजे पातळ आणि जाड दोन्ही थर एकाच टाइलवर मिळतात. नंबर ओल्या मातीतच मागच्या बाजूला कोरा. पेन्सिलने किंवा मार्करने लिहिलेलं भट्टीत जळतं. तुमच्या तीस टाइल्सचं बहुधा हेच झालं असावं. फ्रिटच्या कोपऱ्यातल्या टाइल्सखाली मातीची चकती ठेवा, शेल्फ वाचेल.

भट्टीत मांडण्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या शेल्फवर प्रत्येक टाइलला ५ सेंटिमीटरचा चौकोन दिलात तर ६४ जागा होतात. २१ मिश्रणांच्या प्रत्येकी तीन टाइल्स म्हणजे ६३, आणि उरलेल्या एका जागी कोन, म्हणजे ठरावीक तापाला वाकणारे छोटे शंकू. पण क्रमाने, १ ते २१ असं मांडू नका. भट्टीचा दारापाशी आणि मागे ताप सारखा नसतो. क्रमाने मांडलंत तर तो फरक तुम्हाला मिश्रणाचा फरक वाटेल. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा आणि मांडणीचा वरून फोटो काढा. तीन टाइल्स एकाच भांड्यातल्या ग्लेझमध्ये बुडवल्या तर त्यातून भट्टीतल्या जागेचा फरक कळतो, तोलण्यातली चूक कळत नाही. ती पाहायची तर दोन-तीन मिश्रणं नव्याने तोलून पुन्हा करा.

पायरोमीटरचा, म्हणजे भट्टीच्या तापमापकाचा आकडा एकटा लिहू नका. ग्लेझ तापमानाइतकंच तिथे पोचायला लागलेल्या वेळावर पिकतं. ऑर्टन कंपनीचा ६ नंबरचा कोन शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढवलं तर १२२२ला वाकतो, ताशी १५० अंशांनी चढवलं तर १२४३ला. म्हणून ५, ६ आणि ७ असे तीन कोन शेजारी ठेवा, शेवटच्या १०० अंशांचा वेग लिहा, वर किती मिनिटं थांबवलं ते लिहा आणि वाकलेल्या कोनांचा फोटो नोंदीला चिकटवा. पुढच्या भाजणीत कोन समोरच्या कोपऱ्यात ठेवा.

टाइल्स वाचण्याआधी निकष लिहा, भट्टी उघडण्याच्या आदल्या दिवशी. चकाकी, ओघळ किती मिलिमीटर, केसांसारखे तडे, टाचणीने टोचल्यासारखी भोकं, ग्लेझ आकसून उघडी पडलेली जागा, रंग, आणि ओठाला कसं लागतं. ‘छान’, ‘बरं’ असे शब्द उपयोगी नाहीत. जुन्या टाइल्समधून अगदी कोरडी ते अगदी चकचकीत अशा पाच टाइल्स निवडून एका पाटीवर लावा, १ ते ५ नंबर द्या आणि नवी टाइल त्यांच्याशी जोडून गुण द्या. मग वर्गातल्या एका मैत्रिणीला नंबर झाकून तेच करायला सांगा. दोघींचे गुण जुळले तर तुमची नजर भरवशाची, नाही जुळले तर निकषाची व्याख्या पुन्हा लिहा. तड्यांसाठी आठवड्याने पुन्हा पाहा, ते उशिराही येतात. फोटो सगळे एकाच बैठकीत, एकाच उजेडात, करड्या कार्डासह काढा. फोनचा कॅमेरा तपकिरीच्या छटा स्वतःच बदलतो आणि तुमच्या कामात तर सगळं तपकिरीच आहे.

‘खाण्यासाठी सुरक्षित’ हे शब्द प्रयोगशाळेच्या चाचणीशिवाय लिहू नका. व्हिनेगरमध्ये २४ तास ठेवून रंग बदलतो का ते पाहा. बदलला तर ग्लेझ कच्चं आहे हे नक्की. नाही बदलला तर त्यावरून ते सुरक्षित आहे असं मात्र सिद्ध होत नाही.

आता त्या १४० जुन्या टाइल्स. त्यांचे तीन ढीग करा. ज्यांची कृती आणि भाजणी दोन्ही लिहिलेली आहेत, तो पहिला. कृती आहे पण भाजणीची नोंद नाही, तो दुसरा. काहीच नाही, तो तिसरा, ज्यात नंबर उडालेल्या तीस टाइल्स येतील. पहिला ढीग पुरावा म्हणून वापरा. दुसऱ्यातल्या दहाएक कृती नव्याने भाजून पाहा. तिसरा ढीग नजरेच्या पाटीसाठी आणि वाडग्यांच्या रंगाचा विचार करण्यासाठी ठेवा, तक्त्यात घालू नका. आठवणीवरून कृती भरण्याचा मोह होईल. तो टाळा, आणि ‘या टप्प्यावर नोंदी अपुऱ्या होत्या, म्हणून पुढे नोंदवही अशी बदलली’ असं सरळ लिहा. त्याने प्रबंध कमकुवत होत नाही. पद्धत कशी घडत गेली हे सांगणं कलेतल्या संशोधनाचा भागच आहे.

फसलेल्या टाइल्सविषयी तुम्ही फार अपराधी सुरात लिहिलंय. त्रिकोणाच्या नकाशात कोरड्या राहिलेल्या आणि वाहून गेलेल्या टाइल्सच सीमा आखतात. त्या काढल्या तर मधला पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दाखवता येणार नाही. २१च्या २१ टाइल्सचा फोटो एका पानावर, त्रिकोणात मांडून छापा.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नासाठी वेगळी वही ठेवा. चाकावर बसल्यावर किंवा भट्टी उघडल्यावर २४ तासांच्या आत तीन गोष्टी लिहा: काय अपेक्षित होतं, काय झालं, आता काय बदलणार. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवा आणि त्याच आठवड्यात उतरवून काढा. उदाहरणार्थ, हे ग्लेझ काठावर पातळ होऊन लालसर फुटतं म्हणून काठ आणखी धारदार ओढला, ते पायाशी साठतं म्हणून पायाच्या वर एक खोबण केली. असे निर्णय तारखेसह दहा-बारा जमले की तुमचं मधलं प्रकरण तयार होतं. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेली टिपणं ओळखू येतात, कारण त्यांत सगळं आधीपासून ठरल्यासारखं दिसतं.

प्रश्नावलीला सरळ नकार देऊ नका, तिची योग्य जागा शोधा. ‘रोजच्या वापराच्या’ या शब्दांसाठी माणसं लागतातच. वेगवेगळ्या पृष्ठभागांचे तीन वाडगे दहा-बारा घरांत दोन आठवडे वापरायला द्या, मग प्रत्येकी अर्धा तास बोला: कोणता आधी उचलला जातो, चमचा घासल्याचा आवाज कसा, हळदीचा डाग राहिला का. अशी बारा सविस्तर संभाषणं तुमच्या प्रश्नाला १०० फॉर्मपेक्षा जास्त देतील. बोलण्याआधी लेखी किंवा रेकॉर्ड केलेली संमती घ्या आणि नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. भातगिरणीवाल्यांना आणि खाणीवरच्या माणसांनाही हेच लागू. कुणी तुमच्यासाठी अर्धा दिवस मोडला तर त्याचा मोबदला द्या आणि प्रबंधात ऋणनिर्देश करा. वाडग्यांत जेवायला सांगायचं तर आधी प्रयोगशाळेची चाचणी करून घ्या. ती झालेली नसेल तर आत नेहमीचं खात्रीचं ग्लेझ आणि बाहेर तुमचं, एवढाच बेत ठेवा. मग हळदीचा प्रश्न गळतो, बाकीचे राहतात.

संदर्भवाचनाचं प्रकरण सिंधू संस्कृतीपासून सुरू करायची रीत पडली आहे. तुम्ही ती सोडा. तुम्हाला तीनच कप्पे हवेत: राख आणि दगडाच्या ग्लेझचं रसायन, स्थानिक कच्चा माल वापरणारे कलाकार, आणि कलेतून संशोधनाची पद्धत. दुसऱ्या कप्प्यात पुदुच्चेरीची १९७१ मध्ये सुरू झालेली गोल्डन ब्रिज पॉटरी पाहा, आज स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजलेली घट्ट भांडी) करणाऱ्या अनेकांची घडण तिथली आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात झालेली ग्लेझची भांडी आहेत. तिथे जरूर जा, पण तो तुमचा पूर्वेतिहास आहे असं ओढूनताणून लिहू नका. ती कमी तापमानाची, रंगवलेली भांडी आहेत. तुमच्या कामाशी तुलना करायची तर पृष्ठभागाची करा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सिरॅमिक्सचे प्रबंध शोधून त्यांची फक्त पद्धतीची प्रकरणं वाचा. आणि उतारे उचलू नका: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच साम्य माफ आहे.

लिहिताना ‘मी’ चालतो का, असंही तुम्ही विचारलंय. चालतो, आणि निर्णयाच्या जागी तो हवाच. ‘फ्रिटचे प्रमाण कमी करण्यात आले’ या वाक्यात कुणी आणि का कमी केलं हे दोन्ही लपतं. ‘ग्लेझ पायाशी साठत होतं म्हणून मी फ्रिट २० टक्क्यांवर आणलं’ हे वाक्य तपासता येतं. मोजमापांचा भाग कोरड्या भाषेत राहू द्या. विभागाचे लेखी नियम मात्र आधी वाचून घ्या, काही ठिकाणी प्रथमपुरुषाला मनाई असते. तसं असेल तर ‘अभ्यासकाने’ म्हणा, पण कारण गाळू नका.

सरांकडे वाद घालायला जाऊ नका, एक पान घेऊन जा. वर तो प्रश्न, दोन्ही अर्ध्यांसह. खाली गृहीतक, कारण सरांना ते हवंय आणि तुमच्याकडे ते आहे: ‘फ्रिट २० टक्के किंवा त्याहून कमी ठेवूनही १२२० अंशांना न ओघळणारं, पूर्ण वितळलेलं ग्लेझ मिळेल.’ हे खोटं ठरू शकतं, म्हणूनच ते गृहीतक आहे. मग २१ मिश्रणांचा त्रिकोण, तीन वेळा म्हणजे ६३ टाइल्स. ‘सॅम्पल साइज किती’ याचं हे उत्तर. शेवटी बारा घरांची संभाषणं. फ्रेलिंगच्या तीन प्रकारांतला दुसरा प्रकार आपण घेतोय, एवढं एका ओळीत. बहुतेक मार्गदर्शकांना प्रश्नावलीचं प्रेम नसतं. परीक्षेत अडचण येईल अशी त्यांना भीती असते, आणि असं पान हातात असलं की ती कमी होते. तरी ते अडून राहिले तर त्या बारा घरांसाठी छोटा छापील फॉर्मही करा. संभाषणाबरोबर तोही भरून होईल.

वेळेचं गणित असं बसतं. पहिले तीन आठवडे तूस जाळणं, कच चाळणं, टाइल्स करून वाळवणं. पावसाळा असेल तर वाळायला दुप्पट दिवस धरा आणि तूस आडोशाला जाळा. दुसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंत त्रिकोण भाजून वाचलेला हवा, ५ टक्क्यांच्या पायऱ्यांची ओळ त्याच महिन्याच्या शेवटी. तिसऱ्या महिन्यात वाडगे आणि घरं. चौथा महिना पूर्ण लिहिण्यासाठी, भट्टीला हात न लावता. पाचव्यात एक राखीव भाजणी ठेवा, कारण भट्टीचं एलिमेंट (तापणारी तार) नेमकं शेवटी जातं. पद्धतीचं प्रकरण मात्र पहिल्याच महिन्यात लिहायला घ्या, काम ताजं असताना.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळ्या टाइल्स पाटीवर त्रिकोणातच लावून न्या, पण चिकटवू नका. परीक्षकांना त्या उचलून मागचा नंबर पाहता यायला हवा. आणि कच, राख, फ्रिट यांची प्रत्येकी २०० ग्रॅमची बंद बरणी, गावाचं नाव आणि तारीख लिहून, विभागात ठेवून जा.